कान्ह अजून काळी का? नाले अडवल्यानंतरच्या नदीविषयी

नारायणबागेत तीन पिढ्या राहणाऱ्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझे सासरे रामबागेच्या पुलाखाली कान्ह नदीत पोहल्याच्या आठवणी सांगत. २०२१ मध्ये इंदूरला 'वॉटर प्लस' शहराचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेविना नदी-नाल्यांत न सोडणाऱ्या शहराचा, मान मिळाला, नाले अडवले गेले, सांडपाण्याची केंद्रे उभी राहिली. तरीही एप्रिल-मे महिन्यांत पुलावरून जाताना नाकाला पदर लावावा लागतो. सरकार खरोखर काही करते आहे का, आणि करत असेल तर ते नदीत का दिसत नाही?"

ताई, सरकार काम करते आहे, आणि बाहेरून वाटते त्यापेक्षा बरेच अधिक करते आहे. मात्र कामाचे मोजमाप केंद्राची क्षमता, वाहिनीची लांबी आणि खर्चाचे कोटी यांत होते. नदीची प्रकृती ठरते ती दोन वेगळ्याच गोष्टींवरून. घरातून निघालेले पाणी खरोखर केंद्रापर्यंत पोहोचते का, आणि उन्हाळ्यात नदीत स्वतःचे म्हणावे असे पाणी किती असते? मलनिस्सारणाच्या कामात तीस वर्षांहून अधिक काळ घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट मिळाले आहे आणि दुसरा प्रश्न अजून नीट विचारलाही गेलेला नाही.

आधी काळेपणाविषयी. नदी कशी आहे हे पाहायला मी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत नाही. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न येऊ देता पाण्याने भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेटचे थोडे द्रावण आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण घालायचे, बूच घट्ट लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर तो दुधासारखा पांढरा राहतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, जिथे शहरातली दुसरी नदी सरस्वती कान्हेला मिळते, तिथे एका जानेवारीत सकाळी मी भरलेल्या बाटलीतला साका पांढराशुभ्र होता. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, म्हणजे वर्षातल्या सर्वांत अनुकूल महिन्यातली ही स्थिती. पाण्यात प्राणवायू उरला नाही की त्याच्याविना जगणारे जीवाणू सल्फेट मोडतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि तो गाळातल्या लोहाशी मिळून काळे लोह सल्फाइड बनवतो. पुलावर येणारा सडक्या अंड्यांचा वास त्या वायूचा आणि काळा रंग त्या लोहाचा. माळव्याच्या काळ्या मातीत लोहाला तोटा नाही. म्हणून नवे सांडपाणी आज थांबले तरी तळाशी साठलेला जुना गाळ पुढे कितीतरी महिने वरच्या पाण्यातला प्राणवायू खात राहतो, आणि लोकांना वाटते की नाला अडवलाच नाही.

आता सांडपाण्याच्या प्रवासाकडे येऊ. आपल्या घरी येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर पार करून, घाट चढवून आणलेले असते. ते वापरून आपण जे सोडतो ते नर्मदेकडे परत जात नाही. कान्ह उत्तरेला वाहते, सांवेरवरून उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. एका खोऱ्यातले पाणी आपण दुसऱ्या खोऱ्यात ओततो. गंगा शुद्धीकरणाच्या 'नमामि गंगे' या केंद्र सरकारच्या योजनेचा पैसा इंदूरपर्यंत आला तो याच कारणाने : कान्ह आणि सरस्वतीसाठी या योजनेतून सुमारे ५११ कोटी रुपयांचे काम मंजूर झाले, त्यात दररोज एकूण १९५ दशलक्ष लिटर क्षमतेची तीन केंद्रे आहेत. त्याआधीपासून कबीटखेडीला २४५ दशलक्ष लिटरचे मोठे केंद्र चालू आहेच.

हे आकडे पुरेसे आहेत का, याचा हिशेब घरी बसूनही करता येतो. दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा हा शासकीय निकष आणि त्यातले ऐंशी टक्के सांडपाणी होते असे धरण्याची पद्धत आहे. म्हणजे माणशी १०८ लिटर. शहराची लोकसंख्या तीस लाख धरली तर दररोज ३२४ दशलक्ष लिटर. कागदावर क्षमता याच्या पुढे जाते, यात शंका नाही. पण इंदुरात बोअरवेल किती आहेत हे आपण जाणताच. बोअरचे पाणी नळाच्या हिशेबात नसते, मोरीतून मात्र तेही वाहते. शिवाय क्षमता म्हणजे आवक नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीप्रमाणे देशाच्या शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, उभारलेली क्षमता ३१,८४१ आहे आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे जी केंद्रे बांधली त्यांतलीही एक तृतीयांशाहून अधिक क्षमता वापरात नाही. याचे कारण बहुतेक ठिकाणी यंत्रे बिघडलेली हे नसून तिथवर मैला पोहोचतच नाही, हे आहे.

एका शहरात (नाव घेत नाही) मी असे केंद्र पाहिले आहे, जिथे मुख्य मलवाहिनी पूर्ण झाली, पूर्णत्वाचा दाखला मिळाला आणि घरजोडण्या नावालाही नव्हत्या. चाचणीच्या दिवशी केंद्र कोरडे राहू नये म्हणून शेजारच्या नाल्यातून पंपाने पाणी उचलून टाक्या भरल्या गेल्या. अहवालात 'प्रक्रियेनंतरची गुणवत्ता उत्तम' असे लिहिले होते, आणि ते खोटे म्हणता येत नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवताना माझ्या घराचेही सांगतो. आमच्या जुन्या घराचा संडास ड्रेनेज लाइनला जोडलेला होता, आणि आम्ही निश्चिंत होतो. नाले अडवण्याच्या मोहिमेत बॅकलेनमध्ये रंगीत पाणी सोडून तपासणी झाली, तेव्हा कळले की न्हाणीघराची आणि स्वयंपाकघराची मोरी वडिलांच्या काळापासून पावसाच्या गटाराला जोडलेली होती. आयुष्यभर ज्याने इतरांच्या वाहिन्या तपासल्या त्याच्या घरचे खरकटे पाणी चाळीस वर्षे सरस्वतीत जात होते. घरचे सांडपाणी म्हणजे फक्त संडासाचे पाणी, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की मोरीचे पाणी कोणाला घाण वाटतच नाही. प्रत्यक्षात साबण, तेल आणि खरकटे यांमुळे तेही नदीतला प्राणवायू तितक्याच इमानाने खाते.

म्हणून २०२१ च्या मानपत्रापूर्वी इंदूर महापालिकेने जे काम केले त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. शहरातल्या पंचवीस लहानमोठ्या नाल्यांवर पडणारी १,७४६ सार्वजनिक आणि ५,६२४ घरगुती तोंडे शोधून ती मलवाहिनीकडे वळवली गेली. एकेक तोंड शोधणे म्हणजे नाल्यात उतरून, चिखलातून चालत, कोणत्या भिंतीतून कोणाचा पाइप आला आहे हे पाहणे. या कामाला उद्घाटनाची फीत नसते, म्हणून ते सहसा होत नाही. येथे ते झाले.

अडचण त्याच्या पुढची आहे. इंदूरच्या मुख्य वाहिन्या बऱ्याच ठिकाणी नदी-नाल्यांच्या काठाने, काही ठिकाणी पात्रातूनच जातात. याला इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथे झोपडवस्त्यांना जोडणारे मलवाहिन्यांचे जाळे टाकण्यात आले. या प्रकल्पाला १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कारही मिळाला. कल्पना बिनतोड होती : वस्त्या नाल्याकाठी आहेत, पाणी उताराने नाल्याकडेच येते, तर पंपांचा खर्च न करता वाहिनीही त्याच उताराने न्यावी. परंतु वस्तीतल्या अनेक घरांची जोडणी झालीच नाही, आणि काठाची वाहिनी पुराच्या पातळीच्या खाली असल्याने पावसाळ्यात चेंबरच्या झाकणांतून, फुटलेल्या सांध्यांतून नदीच वाहिनीत शिरते. वाहिनी तुडुंब भरली की पुढच्या चेंबरातून तेच पाणी मैल्यासह पुन्हा नदीत उसळते. सिमेंटच्या वाहिनीचा वरचा भाग हायड्रोजन सल्फाइडपासून होणाऱ्या आम्लाने झिजतो. बाहेरून रस्ता शाबूत दिसत असतो आणि एके दिवशी खचतो. त्या दिवशी वर्तमानपत्रात 'रस्ता खचला' अशी बातमी येते, मलवाहिनीचे नाव कोणी घेत नाही.

नाला अडवण्याची पद्धतही समजून घ्यावी. नाल्याच्या तोंडाशी एक बुटका बंधारा घालतात, त्यामागे साचलेले पाणी बाजूच्या पाइपने मलवाहिनीत जाते. कोरड्या दिवसांत ही युक्ती चांगली चालते. बंधाऱ्यामागे प्लॅस्टिक आणि गाळ भरला, पाइपाची जाळी तुंबली, की पाणी बंधारा ओलांडून नदीत जाते. जाळी रोज साफ करावी लागते आणि रोजच्या कामाची तरतूद अंदाजपत्रकात शेवटी येते. पावसाळ्यात तर बंधारा ओलांडला जाणारच, तसाच तो आखलेला असतो. जूनच्या पहिल्या सरीत आठ महिन्यांचा साठा एकदम वाहून जातो, आणि त्या दिवशी घेतलेला नमुना वर्षातला सर्वांत वाईट असतो.

आता दुसरा प्रश्न, ज्याविषयी मी सर्वाधिक आग्रही आहे. समजा, शहरातला थेंब न थेंब केंद्रात पोहोचला आणि केंद्र नीट चालले. मग नदी स्वच्छ होईल का? स्नानायोग्य नदीसाठी जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातात त्याचे माप), लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी असा निकष आहे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१९ मध्ये केंद्रांसाठी सांगितलेला कडक निकष १० चा आहे. त्याआधीच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांना २० आणि इतर गावांना ३० ची मुभा होती. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षाही नव्हती, कारण निकष ठरवताना नदीत मिसळायला स्वच्छ पाणी असेल हे गृहीत धरलेले असते. कान्हेत ते नसते. बेसॉल्टच्या पठारावरचे हे ओढे डिसेंबरनंतर आटतात, आणि मार्चमध्ये पुलाखाली जे वाहते ते सबंध शहराने सोडलेले असते.

हिशेब करून पाहा. १० बीओडी असलेले एक लिटर पाणी ३ पर्यंत आणायला १ बीओडी असलेले साडेतीन लिटर पाणी लागते. आपल्या ३२४ दशलक्ष लिटरसाठी ते अकराशे दशलक्षांहून अधिक होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोडयोजनेची रचना सेकंदाला पाच घनमीटरची, म्हणजे दिवसाला ४३२ दशलक्ष लिटरची आहे. ती सगळीच्या सगळी कान्हेत ओतली तरी निम्मेही भागत नाही. याचा अर्थ केंद्रातून निघालेले शुद्ध पाणी नदीत सोडून देणे हा शेवट मानता येणार नाही. ते बागा, बांधकामे, उद्योग आणि शेती यांकडे वळवून नदीत जाणारे प्रमाणच घटवावे लागेल, आणि जे सोडायचे ते दहापेक्षाही खाली आणावे लागेल. १९१८ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला दिलेल्या नगररचनेच्या अहवालातही मैला नदीत न घालता जमिनीत घालावा असाच सूर होता. शंभर वर्षे आपण त्याकडे विद्वानाची हौस म्हणून पाहिले.

उज्जैनच्या बाजूने पाहिले तर शासनाचे उत्तर वेगळे दिसते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हेचे पाणी क्षिप्रेवरच्या स्नानाच्या रामघाटाला लागू नये म्हणून ते पाइपने शहराच्या पलीकडे, कालियादेह महालाच्या दिशेने नेण्यात आले. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी सुमारे तीस किलोमीटरचा बंद मार्ग होतो आहे, त्यात सुमारे बारा किलोमीटर बोगदा आहे, आणि हे पाणी गंभीर नदीत धरणाच्या खालच्या बाजूला सोडले जाणार आहे. भाविकांच्या आरोग्यासाठी याची गरज मी नाकारत नाही. पण गंभीर पुढे क्षिप्रेलाच मिळते. अभियंता म्हणून मला यात घरातला केर गालिच्याखाली सारण्यापेक्षा अधिक काही दिसत नाही, फरक इतकाच की गालिचा तीस किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याच्या दुसऱ्या टोकालाही गावे आहेत.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण कायद्याची उणीव नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे, त्याखाली राज्य मंडळ संमती देते आणि तपासते. आपल्या माळव्यातल्याच रतलामच्या उघड्या गटारांविरुद्ध तिथल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केली होती; तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने स्पष्ट झाले की पैसा नाही या सबबीवर नगरपालिकेला हे कर्तव्य टाळता येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांडपाणी केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत घातली, आणि पुढे हरित अधिकरणाने प्रक्रियेविना नदीत पडणाऱ्या प्रत्येक नाल्यामागे महिन्याला पाच लाखांची भरपाई ठरवली. ही भरपाई महापालिका सरकारी खात्याकडे भरते, म्हणजे शेवटी आपल्याच करातून. दंडाने काम होते यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. त्यापेक्षा 'नमामि गंगे'तल्या करारांची पद्धत मला उपयोगी वाटते : ठेकेदाराला बांधकामाच्या काळात चाळीस टक्केच रक्कम मिळते, उरलेली साठ टक्के पंधरा वर्षांत, केंद्र कसे चालते ते पाहून. फीत कापून निघून जाणाऱ्याला ही पद्धत परवडत नाही.

वास आणि रंग यांपलीकडचे एक कारणही नोंदवणे भाग आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. नळ दिवसभर येत नसेल तर उरलेल्या वेळी नळवाहिनीत दाब नसतो, आणि शेजारून गळणारी घाण सांध्यातून आत ओढली जाते. मलवाहिनीची गळती ही फक्त नदीची तक्रार आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपण काय विचारावे, हा आपल्या प्रश्नात दडलेला शेवटचा भाग. झोन कार्यालयात जाऊन 'नदी कधी स्वच्छ होणार' असे विचारू नका. त्याला तारीख मिळते, उत्तर मिळत नाही. माहितीच्या अधिकारात आपल्या प्रभागातली घरे किती आणि घरजोडण्या किती, मोरीची तपासणी झालेली घरे किती, रामबागेच्या वरच्या अंगाच्या बंधाऱ्यांच्या जाळ्या कोणत्या तारखांना साफ केल्या याची नोंदवही मागा. आणि ज्या केंद्राकडे आपल्या भागाचे पाणी जाते तिथली एखाद्या कोरड्या आठवड्यातली तासागणिक आवक मागा. ती केंद्रात नोंदली जातेच. त्या तक्त्यात सकाळी सात ते नऊचा उंचवटा दिसेल, अंघोळी, धुणी, भांडी यांचा. तो सर्वजण पाहतात. मी मात्र पहाटे तीनचा आकडा आधी बघतो. शहर झोपलेले असताना आवक दिवसाच्या निम्म्याहून फारशी खाली येत नसेल, तर वाहिनीत मैल्याऐवजी भूजल आणि नदीचे पाणी वाहते आहे, आणि वीज जाळून आपण नदीच शुद्ध करतो आहोत. पहाटे आवक नीट खाली येते, सकाळचा उंचवटा मात्र प्रभागांच्या लोकसंख्येच्या मानाने बुटकाच आहे, असे दिसले, तर मोऱ्या अजून दुसरीकडेच जोडलेल्या आहेत. तो तक्ता हाती आला की मला दाखवा. आपल्या पुलावर यातले कोणते घडते आहे ते आपण एकत्र बसून पाहू.